रोस्केतली अकरा बाळं

आदरणीय विहीणबाई तोमासा यांस,

आत्लिस्कोहून कासिल्दाचा दोन्ही गालांवर नमस्कार. आधी तुमच्या गुडघ्यांची चौकशी करते, मग तुमची. उजवा बरा आहे का? डावा अजून पाऊस यायच्या आधी वर्दी देतो का? इकडे सगळं ठीक. ज्वालामुखी राख टाकतो, मी अंगण झाडते, तो पुन्हा टाकतो. एकमेकांना सोबत आहे. तुम्ही म्हणाल, कासिल्दाबाईंना फोन करायला काय झालं होतं? पण तुमच्याकडे फोन उचलते तुमची सून, आणि तुमची सून म्हणजे माझीच रोसाउरा, आणि तिचा आवाज ऐकला की मला ‘मी मजेत आहे’ याखेरीज दुसरं काही सुचत नाही. (मीच तिला म्हटलं होतं, मी मजेत आहे, उगाच बसभाडं घालवून येत जाऊ नकोस. जन्मात माझी एक गोष्ट ऐकली नाही पोरीने, नेमकी ही ऐकली.) शिवाय आता पत्र लिहून द्यायला मला हक्काचा माणूस मिळालाय. हे सुंदर अक्षर तारमास्तर आन्सेल्मो यांचं. सगळं आयुष्य तार खात्यात गेलं, त्यामुळे एक शब्द जास्त झाला की त्यांच्या पोटात दुखतं. मध्येच कंसात कुरकुर करून खाली ‘आ.’ लिहिलेलं दिसलं, तर ते माझं नव्हे, त्यांचं पोट समजा. (आतापर्यंतचा मजकूर तारेत: ‘गुडघे कसे. कासिल्दा.’ — आ.)

तर तारमास्तर भेटले कुठे? आमच्या रस्त्याच्या टोकाला वडीलधाऱ्यांचं घर आहे ना, तिथे ते राहतात. दवाखाना नव्हे हो. प्रत्येकाची आपली खोली, आपली कुंडी, आपला रेडिओ. फक्त आंघोळीला, गुंड्यांना आणि गोळ्यांना मदतीचा हात. पाद्रीबाबांनी प्रार्थनेनंतर सांगितलं, तिथे सेवेला माणसं हवीत. माझ्याहून म्हातारं कोणी उरलंय का ते बघायला मी गेले. (निम्मे माझ्याहून लहान निघाले. तोंडावर सांगावं लागलं, तेव्हा कुठे उठून खुर्ची दिली.) दारातल्या मुलीने विचारलं, आजी, तुम्हाला काय काय येतं? मी म्हटलं, मला बोलता येतं. तिने कौतुकाने मान हलवली आणि माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं. सोमवारी गेले तर माझ्या हातात वर्तमानपत्र ठेवलं आणि म्हणाली, व्हरांड्यात सगळे वाट बघताहेत, वाचून दाखवा!

विहीणबाई, तुम्हाला ठाऊक आहे, मी शाळेची फक्त भिंत पाहिली आहे, आणि तीही बाहेरून. पण समोर वीस-बावीस माणसं विंचरून-बिंचरून बसलेली. पेपर उघडला. एक जाडा माणूस फीत कापत होता. मी वाचलं, ‘मंत्रिमहोदय चर्चच्या दारात अडकले, बाहेर काढायला लोणी मागवलं.’ व्हरांडा हसून लोळला. मग काय, सुटलेच. त्या महिन्यात मी टोमॅटो स्वस्त केले, दोन महापौरांना तुरुंगात घातलं आणि ज्वालामुखीला लेखी समज दिली. तारमास्तर पहिल्या रांगेत डोळे मिटून बसायचे. मला वाटलं झोपलेत. पहिल्याच दिवशी सगळे उठल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाले, बाई, गुरुवारच्या पेपरात पुएब्लाचा संघ जिंकला तर बरं होईल. मी चार गोलांनी जिंकवला. तेव्हापासून ते माझे. (पाच. — आ.)

आता एर्मेलिंदाबाईंकडे वळते, कारण सगळं रामायण त्यांच्यापासून सुरू झालं. ताठ कणा, कानात मोती, आणि बोलणं असं, की समोरच्याने आपली चूक आधीच कबूल करून टाकावी. आपल्या घरी होत्या तेव्हा दर कांदेलारियाला, म्हणजे फेब्रुवारीच्या दोन तारखेला, अख्ख्या गल्लीला मक्याच्या पानांत गुंडाळून वाफवलेले तामाल खाऊ घालायच्या. हिरव्या मिरचीचे वेगळे, मोलेच्या रश्श्याचे वेगळे, पोरांसाठी गुलाबी गोड वेगळे. डिसेंबरात एक दिवस मला म्हणाल्या, ‘इथे सगळं हातात मिळतं, कासिल्दाबाई. जेवण मिळतं, गोळी मिळते, टॉवेलसुद्धा घडी घालून मिळतो. पण सहा वर्षांत मला कोणी विचारलं नाही, की आज जेवायला काय केलंस?’ मी म्हटलं, नशीबवान आहात, माझा नवरा विचारायचा आणि उत्तर ऐकून उपाशी झोपायचा. त्या हसल्या नाहीत. माझ्या विनोदाला कोणी हसलं नाही की मला रात्रभर अपचन होतं, हे तुम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी पेपर उघडला आणि जीभ आपोआप चालायला लागली. ‘सरकारचा नवा कायदा,’ मी वाचलं. ‘सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला रोस्का, म्हणजे गोल गोड पाव, कापताना ज्याच्या तुकड्यात आत दडवलेलं प्लास्टिकचं बाळ निघेल, त्याने रिवाजाप्रमाणे कांदेलारियाला तामाल द्यायचेच. पण यंदापासून त्याच्या घरच्या माणसांनी जातीने येऊन ते खायचे. न येणाऱ्यास दंड.’ वाटलं, एर्मेलिंदाबाई जरा हसतील आणि गोष्ट तिथेच संपेल. कोणीच हसलं नाही. सगळा व्हरांडा असा शांत झाला, जसा माझ्या जेवणानंतर होतो. मागून बेर्नार्दिनो म्हणून एक जुने खाटीक आहेत, त्यांनी फक्त विचारलं, ‘नातवंडंही धरून का?’ मी म्हटलं, धरून.

बाहेरच्या जगात रोस्केत बाळ निघालं की माणसं काय करतात? तामालचा खर्च नको म्हणून लपवतात. तुमचे चिरंजीव, म्हणजे आमचे जावई, लग्नानंतरच्या पहिल्या सणाला ते प्लास्टिकचं बाळ गालात धरून तासभर गप्प बसले होते, आणि मी शेजारणीला सांगत होते, काय हो शांत स्वभावाचा जावई मिळाला! इथे उलटं झालं. व्यवस्थापिका यादिराबाईंनी स्वतः उभं राहून बेकरीवाल्याला मोजून तीन बाळं घालायला लावली होती, कवळ्यांचा प्रश्न आहे म्हणून. पहिलं एर्मेलिंदाबाईंना निघालं, खरंखुरं, साखरेसकट. त्यांनी ते बिशपसारखं वर धरलं. मग जे सुरू झालं ते विचारू नका. चॉकलेटचे पेले रिकामे होईपर्यंत अकरा बाळं निघाली! काही पिवळी पडलेली, त्यांच्यावर कुठल्या जुन्या वर्षाच्या दातांचे व्रण. एक किल्लीच्या साखळीसकट. एका आजींनी तर नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यातलं मातीचं बाळ उचलून आणलं होतं, वीतभर लांब, खालच्या गवतासकट, आणि शपथेवर सांगत होत्या की माझ्या तुकड्यातच निघालं, म्हणूनच तो एवढा जड लागत होता. बेर्नार्दिनोंना काहीच मिळालं नव्हतं. ते उठले, पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘माझं मी गिळलं.’ यादिराबाई पांढऱ्याफटक! गाडी बोलावली, एक्स-रे काढला. बाळ नाही. बेर्नार्दिनो डॉक्टरलाच म्हणाले, ‘देवाचं लेकरू ते, तुमच्या यंत्रात कसं दिसेल?’ शेवटी त्यांचंही धरलं. (म्हणजे बारा. मथळ्यात दुरुस्ती करावी. — आ.) (मथळ्यात अकराच राहू दे. गिळलेलं मोजत नाहीत. — कासिल्दा.)

मग सगळ्यांनी घरी फोन लावले. ‘कायदा झालाय, यावं लागेल.’ एर्मेलिंदाबाईंच्या मुलाचं, निकानोरचं, मोंतेर्रेयला टायरचं दुकान आहे. त्याने आधी विचारलं, दंड किती? त्या म्हणाल्या, ‘दंड पैशात नाही, माझ्या तोंडून आहे, आणि तो तुला पाठ आहे.’ तो येतो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्यांनी कानातले मोती सारखे केले. दहा घरांनी होकार दिला. अकराव्या घराने मात्र यादिराबाईंना फोन करून कायद्याचं कलम विचारलं. झालं! मला खोलीत बोलावणं. तो पेपर मागितला. मी दिला, बोट ठेवून दाखवला. त्यांनी वाचला. म्हणाल्या, ‘आजी, ही गाद्यांची जाहिरात आहे.’ मी म्हटलं, चष्मा बदलायला हवा. म्हणाल्या, ‘तुम्हाला चष्माच नाही.’ मग रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. शांतपणे म्हणाल्या, यांनी उद्या दाराकडे डोळे लावून बसायचं आणि कोणी आलं नाही, तर मी काय सांगू? गुरुवारी तुम्हीच सांगा, की पेपरात चुकीचं छापलं होतं.

गुरुवारी गेले. खरंच सांगणार होते. पण व्हरांड्यात जाताना एर्मेलिंदाबाईंच्या खोलीत डोकावले, तर न्हाणीतल्या बादलीत मक्याची पानं भिजत घातलेली. कांदेलारियाला अजून तीन आठवडे, पानं एका रात्रीत भिजतात, हे मलासुद्धा कळतं. त्या म्हणाल्या, हाताला सवय व्हावी म्हणून. मी व्हरांड्यात जाऊन पेपर उघडला. यादिराबाई मागे हाताची घडी घालून उभ्या. मी वाचलं, ‘कायदा कायम.’ टाळ्या पडल्या. यादिराबाई सगळ्यांमधून वाट काढत पुढे आल्या. मी पेपर घडी करून द्यायलाच निघाले होते; म्हटलं, संपलं आपलं वाचन. त्या माझ्या खांद्यावरून पेपरात वाकून बघत म्हणाल्या, ‘तामाल कुठे शिजवायचे ते छापलंय का त्यात? कारण माझ्या स्वयंपाकघरात चूल पेटवू द्यायची नाही, असा माझाही कायदा आहे.’ आता सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत. मी वाचलं, ‘तामाल स्वयंसेविका कासिल्दा यांच्या अंगणात शिजतील.’ बघा, स्वतःच्या तोंडाने स्वतःला अटक.

शनिवारी एर्मेलिंदाबाई, बेर्नार्दिनो आणि तारमास्तर माझं स्वयंपाकघर तपासायला आले. सेवा करायला मी गेले होते, आता हेच माझी सेवा करताहेत. एर्मेलिंदाबाईंनी माझं पातेलं बोटाने वाजवलं आणि विचारलं, ‘यात तामाल करता की अंडी उकडता?’ बेर्नार्दिनोंनी माझ्या सुरीला धार लावली आणि तिची क्षमा मागितली. मी एक तामाल करून दाखवला. तारमास्तरांनी तो खाल्ला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. (कवळी अडकली होती. — आ.) पण इतकी वर्षं माझ्या त्या अंगणात माझाच झाडू वाजतो, त्या दिवशी तिघांची तीन भांडणं एका वेळी चालली होती. शेजारीण भिंतीवरून विचारत होती, काय हो, लग्न आहे का?

असो. पत्र लांबलं. तुमच्या गुडघ्यांना, कोंबड्यांना आणि त्या शांत स्वभावाच्या चिरंजीवांना माझे आशीर्वाद. बाकी काही काम नव्हतं, सहज लिहिलं.

तुमची विहीण,
कासिल्दा (अंगठा सोबत)

ता. क. सहजच आठवलं. तुमचं ते तामालचं मोठं पातेलं, ज्यात तुम्ही दोनशे एका वेळी उकडता आणि जे तुम्ही सख्ख्या बहिणीलाही देत नाही, ते दोन तारखेला मला हवं आहे.

ता. क. दुसरा. पातेलं बसमध्ये एकटं चढवू नका, हरवेल. त्याला दोन कान आहेत. एक तुम्ही धरा, दुसरा कोणीतरी धरायला लागेलच. कोणी धरावा ते मी सांगणार नाही.

ता. क. तिसरा, कासिल्दाबाईंना न सांगता. बाई अंगठ्याची शाई धुवायला गेल्या आहेत. यंदा रोस्केतून अकरा बाळं निघाली हे खरं, पण त्यांतली आम्हा रहिवाशांची फक्त दहा. अकरावं बाईंच्या तुकड्यात निघालं, आणि तो कापायच्या आधी मी ते त्यांच्या एप्रनच्या खिशात पाहिलं होतं. त्या कायद्यात घरच्यांनी यायचं असतं. रोसाउरा पाठवा. — आ.

ता. क. शेवटचा. मी हात धुवून येईपर्यंत तारमास्तर काहीतरी खरडत होते. विचारलं तर म्हणतात, पातेल्याचं माप लिहिलं. पातेल्याचं माप लिहिताना माणूस नाक पुसतो का, विहीणबाई? मला वाचता येत नाही, पण हा माणूस वाचता येतो. वर त्यांनी जे काही लिहिलं आहे ते साफ खोटं आहे, आणि कृपा करून अगदी तसंच करा.