ढमाल्या बंद पडतो

५ नोव्हेंबर

चि. गोटूस,
अनेक आशीर्वाद.

परत गेलास त्याला दीड महिना झाला. पोचल्याचं एका ओळीत कळवलंस आणि मग तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास. फोन न करता मी पत्र लिहितेय, कारण विषय बाबांचा आहे आणि ते दिवसभर घरातच असतात. फोनचं त्यांनी हल्ली काय घेतलंय कळत नाही. तुझा फोन आला की माझ्या हातात देतात आणि बाहेर जाऊन बसतात. तुझं-त्यांचं काही बिनसलंय का?

गोष्ट अशी की, बाबांचा लाडका रिमोटचा ट्रक, आपला ढमाल्या, बंद पडतो. तू गेल्यापासून हेच चाललंय. सुरू होतो, दोन फेऱ्या नीट मारतो, वळणावर आला की खोकून गप्प. बाबांनी प्लग बदलला, इंधनाची नळी बदलली, नायट्रो इंधनाचा नवा डबा फोडला. तुला माहीत आहे, पूर्वी ते कार्बुरेटरची सुई केसभर फिरवायचे, डोळे मिटून आवाज ऐकायचे, की झालं काम. मैदानावरची मंडळी आपापले रिमोटचे ट्रक घेऊन त्यांच्यापुढे रांग लावायची. त्यांना सगळे ‘कान’च म्हणायचे. आता ते सुई फिरवतात, मान हलवतात, पुन्हा फिरवतात. माझे कान गेले, म्हणतात. मीही वैतागून म्हटलं, वय झालं की व्हायचंच.

तीन रविवार ते मैदानावर गेले नाहीत. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जाणार, ते ट्रक आणि हत्यारांची पेटी देऊन टाकायला. आई गेल्यावर याच ट्रकने त्यांना पुन्हा माणसांत आणलं होतं. तो गेला की ते पुन्हा खिडकीशी बसणार, ही मला भीती आहे. बाबांची बोलणी खाऊन तुला इंजिनातलं जेवढं कळलंय, त्यातून काही सुचव.

लोभ आहेच, तो पत्राने दिसू दे.
तुझी ताई


१२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीन दिवस उघडं ठेवून बसलोय. बाबांच्या कानांना काही झालेलं नाही. मी केलंय ते.

निघायच्या आदल्या दुपारी बाबा झोपले होते, तू कामावर होतीस. मी ढमाल्याला मागच्या रस्त्यावर नेलं. चांगला पळत होता, पण मला अजून पळवायचा होता, म्हणून सुई आवळली. इंधन कमी, हवा जास्त. असा सुसाट सुटला म्हणून सांगू! मागचा धूर नाहीसा झाला, तेव्हाच थांबायला हवं होतं. इंजिनाचं तेल त्या इंधनातच मिसळलेलं असतं, ते कमी पडलं की पिस्टन कोरडा घासतो. हे बाबांनी मला शंभरदा सांगितलंय. मी आणखी चार फेऱ्या मारल्या आणि तो कचकन थांबला. हात लावला तर चटका बसला. गार झाल्यावर सुई अंदाजाने मागे घेतली, ट्रक पुसला आणि फडक्याखाली ठेवला. संध्याकाळी बाबांनी विचारलं, चालवलास का. मी नाही म्हणालो.

मी लिफ्ट तपासतो, ताई. झालेली चूक लगेच वहीत लिहा, असं रोज दहा जणांना बजावतो. माझी मलाच लाज वाटते.

एक करशील? माझं नाव न घेता, पिस्टन एकदा बघा असं त्यांना सुचव.

माझ्यावरचा राग ओसरला की दोन ओळी लिही.
गोटू


१७ नोव्हेंबर

चि. गोटूस,
आशीर्वाद.

राग ओसरलेला नाही, तरी लिहितेय. तू फोडलेल्या काचेचा आळ मी अंगावर घेतला होता, तेव्हा तू सात वर्षांचा होतास. आता मला मध्ये घालू नकोस. वय झालं हे माझं बोलणं त्यांच्या मनाला किती लागलं असेल, हे आता मलाच डाचतंय. डिसेंबरच्या त्या रविवारच्या आत बाबांनाच लिही.

तरीही तुझीच,
ताई


२१ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

त्या संध्याकाळी मी तुमच्याशी खोटं बोललो. ढमाल्या मी चालवला होता. सुई आवळून, धूर नसताना, इंजिन तापून बंद पडेपर्यंत. पिस्टन घासला असणार. आता तुम्ही कितीही सुई फिरवलीत तरी तो बंद पडणारच. दोष इंजिनात आहे आणि तो माझा आहे. तुमचे कान होते तसेच आहेत.

कबूल करायला दोन मिनिटं लागली असती. मी दोन महिने लावले आणि तेवढे दिवस तुम्ही स्वतःला बोल लावत राहिलात. याची मला फार लाज वाटते. पेटी कुणाला देऊ नका. रागवा, पण फोनवर एकदा माझ्याशी बोला.

आशीर्वादाला पात्र नसलेला, पण तुमचाच,
गोटू


२७ नोव्हेंबर

चि. गोटूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू ट्रक चालवलास हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. फडक्याला नायट्रोचा वास येत होता. माहीत असून विचारलं, हे माझं चुकलं. दुसऱ्या दिवशी इंजिन हाताने फिरवून पाहिलं. जिथे घट्ट लागायला हवं तिथे ते सैल गेलं. त्याच आठवड्यात पिस्टन आणि सिलिंडरची नवी जोडी बसवली. तेव्हा तू केलेलं नुकसान केव्हाच भरून निघालंय.

तरीही तो बंद पडतो, तो माझ्यामुळे. सुई आवळत नेली की इंजिनाचा आवाज बारीक होत वर चढतो, तो मला आता ऐकूच येत नाही. डॉक्टरांकडे एकटाच जाऊन आलो. उजवा कान थोडा बरा आहे, डावा गेल्यातच जमा. फोनवर तुझं बोलणं अर्धंमुर्धं कळतं, म्हणून ताईकडे देतो. रुसलेलो नाही.

आता माझी चूक ऐक. तुझं पत्र ताईला दाखवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, बघा, तुमचे कान ठणठणीत आहेत. मी हो म्हणालो. दोन दिवस तसाच फिरलो, तुझ्या चुकीआड माझे कान लपवून. फार बरं वाटलं, हेही खरं.

सुईला हात लावू नकोस, असं तुला जन्मभर सांगत आलो. म्हणून तू मी झोपल्यावर लावलास. शनिवारी ये. ऐकायचं तू आणि फिरवायचंही तूच. मी शेजारी बसून बोलणी ऐकवीन, ती मला अजून येतात. रविवारी मैदानावर दोघं जाऊ.

ताईला हे तूच सांग, असं आधी लिहिलं होतं. ते वाक्य खोडलंय, वर दिसेल. पाकीट बंद करायच्या आधी हे पत्र तिलाच वाचायला देतो.

तुझी वाट पाहणारा,
बाबा

ता. क. : वाचलं. आता जेवताना मी त्यांच्या उजव्या हाताला बसते. शनिवारी सकाळची गाडी धर. — ताई