सहीसाठी सोबत अर्ज

वलगाव, बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५
दुपारचे ३ वाजून १० मिनिटे. व्हॅनचा तळ पेचकसाने टोचून पाहत होतो आणि जिथे पत्रा पक्का आहे तिथे खडूने खूण करत होतो. ते अर्धं सोडून लिहायला बसलो.

प्रिय चंदनदादा,

अकोल्यात तू आणि वर्षालीवहिनी बरे असाल. आईच्या पायाचं दुखणंही आता कमी आहे. माझं नाव दिसलं की तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. गाडी तुझ्या नावावर आहे आणि ४ डिसेंबरला तिला पंधरा वर्षं भरतात. नूतनीकरणाचा अर्ज सोबत आहे. फुली मारली आहे तिथे सही हवी. काम एवढंच.

आईच्या पायाचं लिहायचं नव्हतं, लिहून गेलो. सोमवारी ती झेंडूची पोती लावायला व्हॅनमध्ये चढली आणि पाय तळातून आरपार गेला. गाडी उभी होती म्हणून बरं. पाच टाके पडले.

देवराव मिस्त्री खाली वाकून बघत म्हणाले, "काहून बे कुंदन, गाडीत फुलं नेतं का विहीर?" बाबा हसले आणि मधेच थांबले. "तीन सालापासून चंदननं हिले हात नाही लावला. मंग मांगच्या खेपी तळ कोनं सडवला?"

मी पोती खाली उतरवायला लागलो.

दादा, मी सडवला. फुलं ताजी दिसावीत म्हणून मी पोत्यांवर पाणी मारून तशीच भरायचो. खाली ताडपत्री टाक, असं तू सांगायचास. मी कंटाळा करायचो. तीन वर्षांपूर्वी बाबांनी विचारलं तेव्हा म्हणालो, दादाने नाल्याच्या पाण्यातून नेली. तू एकदा नेली होतीस, म्हणून त्यांना पटलं. ते तुला चारचौघांत बोलले. तू नव्या पत्र्याचे पैसे देवरावांच्या हातावर ठेवलेस आणि महिन्याभरात घर सोडलंस.

बाबा म्हणतात, भंगारात द्या. देवराव म्हणतात, तळ बदलला तर अजून चार वर्षं चालेल. मला ती ठेवायची आहे, पण ठरवायचा हक्क तुझा. अर्ज कोरा परत आला तर गाडी देऊन टाकीन आणि येईल ती रक्कम तुला पाठवीन.

इथपर्यंतचं बाबांना वाचून दाखवलं. मग म्हणाले, "गाडीचं मांगून पाहू. पह्यले त्याचे पैसे दे." पाकिटावरचा तुझा पत्ता त्यांनी दोनदा वाचायला लावला.

तुझाच, अजून म्हणू देत असशील तर,
कुंदन

टाके व औषधं: १,३५० रुपये.
देवरावांची तपासणी: २०० रुपये.
तुझे माझ्याकडे, त्या पत्र्याचे: ८,४०० रुपये. आज तुझ्या खात्यात टाकले ३,०००. बाकी ५,४००.