पेरलेली वाळू

शनिवार, संध्याकाळ. सहलीला आलोय, समुद्राजवळच्या लॉजवर.

पायाची वाळूही धुतली नाही, आधी हे लिहून ठेवते.

दर्यापूर सोडून अमरावतीला आल्यापासून चिमी बाहेरच्या कोणाशी बोलत नाही. शाळेत बाईंनी काही विचारलं की मान खाली. पाच वर्षांच्या पोरीला गावातून उगाच उपटून आणलं का मी? रोज हेच डोक्यात.

आज इथल्या प्राणी उद्यानात मगर पाहिली, बगळे पाहिले. पोरगी गप्पच. मग कासवांचं कुंपण आलं. राखणदार म्हणाला, "या वाळूखाली कासवाची अंडी पुरली आहेत." चिमीनं तिथंच चपला काढल्या. मी खेकसलेच, "शिंपले रुततीन, घाल चप्पल!"

तर म्हणते, "आई, इथं पेरलं हाये न. पेरलेल्यात चप्पल नाई घालत."

तिच्या आजोबांनी वावरात शिकवलेलं. आमच्याकडे पेरणीला सगळे अनवाणीच. माझ्या कसं ध्यानात आलं नाही? राखणदार माझ्याकडे पाहत राहिला. मी गुपचूप माझ्याही चपला काढल्या. आणि मग चिमी त्यालाच म्हणाली, "काका, उगवले की आमाले सांगजा."

अनोळखी माणसाशी. स्वतःहून!

परत येताना चपला हातातच. आता खिडकीत बसून विचारून राहिली, "आई, शाळेत काई पेरलं हाये का?"

म्हटलं, "मले काय माहीत. बाईंले विचार सोमवारी."

"इचारतो न," म्हणाली.