तुमच्या जागेवर

बाबा,

आज माझ्याबरोबर लाईनवर एक नवी बाई होती. तिचा नवरा रेल्वेच्या गँगमध्ये होता. ड्युटीवरच छातीत कळ येऊन गेला आणि अनुकंपावर त्याच्या जागी हिला घेतलं. कनेरगाव नाक्याकडे चालत निघालो तेव्हा तुम्ही मला शिकवलं तेच मी तिला शिकवलं: जाताना डावा रूळ बघायचा, येताना दुसरा, दोन्हींवर एकदम डोळे फिरवले की एकही नीट दिसत नाही. पहिल्या पुलाशी ती थांबली. मग अंगातलं नारिंगी जाकीट चुरगाळत म्हणाली, "ताई, हे घातलं की वाटतं, मी त्यायच्या मरणाचंच खाऊन राहिले." मी म्हणाले, "तू मागितलं व्हतं का? त्यायनं दिलं, तू घेतलं." ती रडली, तिला जरा बरं वाटलं. मला मात्र परतीच्या वाटेवर रूळ दिसलाच नाही. चालले सगळं अंतर, पण पाहिलं काही नाही. मुकादमाला खोटं सांगून पुन्हा एक फेरी मारली, आणि आता लिहायला बसले आहे.

तुम्ही आज आलात तर ही लाईन ओळखणार नाही. रूळ रुंद झाले ते तुमच्यादेखत; आता वर विजेच्या तारा आल्यात आणि इंजिन कधी पाठीशी येतं ते कळत नाही. रूळ आवळणाऱ्या चाव्या ठोकण्याचे दिवस गेले, आता क्लिपा असतात. तरी लोक मला चावीवालीच म्हणतात. निजामाच्या काळी गाडी हिंगोलीपर्यंतच यायची, तिथं रूळ संपायचे आणि पुढे वाशिमला बैलगाडीने जावं लागायचं, हे तुम्ही किती वेळा सांगितलं असेल! पुढच्या भरावाच्या कामावर आजोबा होते म्हणताना तुमचा आवाज असा चढायचा, की सगळी माती एकट्या आजोबांनीच टोपलीने टाकली असावी. मी चिडवायचे आणि तुम्ही चिडायचात. मग रूळ रुंद करायला छोटी गाडी बंद झाली, जुने रूळ उखडले, गाव जीपने जायला लागलं. तुमची ड्युटी लांबच्या गँगमध्ये लागली. पण सुट्टीच्या दिवशी सकाळी चहा पिऊन तुम्ही दारात उभे. आई म्हणायची, "आता कुठं चालले? गाडी न्हाई, रूळ न्हाई." तुम्ही म्हणायचात, "भराव तर हाय." आणि त्या उघड्या भरावावरून कनेरगावापर्यंत एकटेच जाऊन यायचात. बाया हसायच्या. मला तुमची लाज वाटायची, बाबा. आज मी रोज तेवढीच एकटी चालते आणि घरी आल्यावर दिवसभरात कुणाशी काय बोलले ते आठवून बघते, तर बहुतेक दिवशी काहीच आठवत नाही.

नवऱ्याला सोडून मी घरी आले तेव्हा तुम्ही कारण विचारलं नाहीत. मोठी गाडी सुरू होऊन काही वर्षं झाली होती, तुमच्या पायांवर सूज यायला लागली होती. मी भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून बसलाय, आई पाणी आणायला गेलीय. तुम्ही सहज बोलावं तसं बोलता, "रिटायर व्हायला सात महिने हायत. त्याच्या आत गेलो तर तुला माझी जागा भेटते." मी भाकरी तव्यावर आपटली. "असं अभद्र बोलायचं न्हाई, सांगून ठेवते!" तुम्ही हसलात. माझा राग खरा होता, एवढं माना. पण त्याच आठवड्यात मी ऑफिसात जाऊन क्लार्कला विचारून आले. त्याने मानही वर केली नाही. सोडून आलेली मुलगी चालत नाही, म्हणाला, फारकत झालेली लागते, आणि फारकतही बाप जिवंत असताना झालेली.

कोर्टात माझी फारकतीची केस नुसती रेंगाळत पडली होती. पोटगीसाठी मीच अडून बसले होते. दुसऱ्या दिवशी वकिलाला सांगितलं, पोटगी नको, काही नको, लवकर मोकळं करा. तुम्हाला वाटलं, पोरगी शेवटी शहाणी झाली. "बरं केलं, बाई. त्या माणसाचं नाव टाकून दे," असं म्हणून तुम्ही डोक्यावर हात ठेवलात. तो हात मी ठेवू दिला.

दवाखान्यात नेलं तेव्हा रिटायर व्हायला महिना-सव्वा महिना राहिला होता. निकालाच्या दिवशी सकाळी मी साडी बदलली तसे तुम्ही डोळे उघडलेत. "कुठं चालली?" मी म्हणाले, "दवाई आणायला." तुम्ही म्हणालात, "सावकाश ये. मी कुठं जाऊन राहिलो?"

त्या बाईला मी सकाळी जे सांगितलं ते मला कुणी सांगू शकत नाही. मी मागितलं होतं. आईला हे सांगता आलं नाही, आता तीही नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी माझ्या हातून टाकलं गेलं नसतं. तरी एकदा लिहूनच टाकते. दुपारी निकाल झाला. मी कोर्टाच्या पायऱ्या उतरत होते तेव्हा आईचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं. तुम्ही गेलात एवढं कळलं. बाबा, मी रडले नाही. मी तिला पहिलं विचारलं, "किती वाजता?"