वालावलेक दिलेली लेक

प्रिय दादा,

चतुर्थी चार दिवसांवर आली आणि मला जेवण जाईना झालं आहे, म्हणून लिहायला बसलो. पाचवीच्या पुढे मी शाळा पाहिली नाही, तुला माहीतच आहे. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितोय. ओळी वर-खाली गेल्या तर हसू नकोस.

गेलं वर्ष तुझ्या दुखवट्याचं. गणपती दीड दिवसात पोचवला आणि घराचं गाऱ्हाणं भटजींनीच दोन वाक्यांत देवाकडे मागून घेतलं. यंदा तसं चालणार नाही. परवा गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटवीच्या काठ्या धुताना तुझा दिनू म्हणाला, "काकानू, औंदा गाऱ्हाणा तुमीच घालूचा. बाबांच्या मागे घरात मोठे तुमीच."

मोठा! मी! सगळं आयुष्य धाकटा म्हणून काढलं आणि आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी मोठा झालो.

दादा, तू मला गाऱ्हाणं शिकवलं का नाहीस? एकदा विचारलं होतं मी. तू म्हणालास, "तुका काय करूचा हा? माझ्या पाठसून होय म्हाराजा म्हण, बास." बास म्हटलंस आणि मी बास केलं. बाबा घालायचे तेव्हाही माझं काम तेच. ते एकेक मागणं मागायचे, आणि मी मागून ओरडायचं, होय म्हाराजा. आठवतं, मी सात-आठ वर्षांचा असताना बाबा म्हणाले, "ह्या घरार संकट..." आणि दम घ्यायला थांबले. मी तेवढ्यात जोरात, "होय म्हाराजा!" सगळी पडवी हसली. बाबांनी गाऱ्हाणं संपेपर्यंत धीर धरला आणि मग माझा कान असा पिळला की विसर्जनापर्यंत लाल होता. तू मला मागच्या दारी नेऊन शहाळ्याचं पाणी पाजलंस.

ती घाई माझी कधी गेलीच नाही बघ.

तर आता मला शब्द येत नाहीत. सुरुवात येते, शेवटची चूकभूल येते, मधलं सगळं धुकं. झोपेतून उठून पुटपुटतो. ग्रामदेव आधी की स्थळाचा देव आधी? पूर्वजांची नावं पणजोबांपासून की त्यांच्याही वरून? वरच्या दातांची कवळी सैल झाली आहे, 'स' म्हटलं की शिट्टी वाजते. देवापुढे शिट्टी वाजवू काय?

दिनू म्हणाला, "कित्याक घाबरतास? बाबांचो व्हिडिओ आसा मा मोबाइलात. आयका नि पाठ करा." तुझ्या शेवटच्या चतुर्थीला त्याने काढून ठेवलेला. मला कुठे ठाऊक होतं! त्याने तो लावला आणि तू दिसलास. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, हात जोडलेले, आवाज असा खणखणीत की आतून दिनूची बायको ओल्या हातांनी बाहेर आली. दोन मिनिटं मला काही ऐकूच आलं नाही. नुसता तुझ्याकडे बघत राहिलो.

मग ऐकलं. देव झाले, पूर्वज झाले, घरातले झाले. "ह्या घरातल्या लेकी-सुनांक सुखी ठेव म्हाराजा," असं तू म्हणालास. आणि दादा, तिथे तू थांबलास. तोंड उघडं होतं तुझं. पुढे काहीतरी येणार होतं. आणि मागून माझा आवाज आला, मोठ्याने, घाईघाईने, होय म्हाराजा! तुझं तोंड मिटलं. मग तू एकदम गुराढोरांवर गेलास.

"मागे घे," मी दिनूला म्हटलं. त्याने घेतला. पुन्हा तेच. सात वेळा मागे घ्यायला लावला. शेवटी तो वैतागला. "काकानू, तेंका खोकलो इलो हुतो!"

खोकला होता काय रे दादा? की आपल्या बहिणीचं, आक्काचं नाव होतं?

बाबा तिथे काय म्हणायचे ते मला पक्कं आठवतं. घरात राहतात त्यांच्या पाठोपाठ लग्न करून बाहेर दिलेल्या लेकी. "वालावलेक दिलेली लेक पार्वती, तिचो घो, तिची पोरा-बाळा, तेंका बरी बुद्धी, बरा आयुष्य दी म्हाराजा." आक्का लग्न होऊन गेली त्या वर्षापासून हे वाक्य चुकलं नाही. बाबा गेले आणि तेराव्यानंतर तू पडवीत हक्कसोडीचा कागद तिच्यापुढे ठेवलास. आक्काने तो दोनदा वाचला. आपल्या तिघांत चांगलं वाचता तिलाच यायचं. म्हणाली, "दादा, माका खाडीकडचो तुकडो नको, माड नको. तुमी खावा. पण ह्या घरार माझो कसलोच हक्क नाय, असा लिवलेल्यार मी सही करूचंय नाय."

तू म्हणालास, "मगे हंयसर पाय ठेवू नको."

ती चप्पल घालून उभी राहिली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं? मी माडाकडे बघितलं. झावळ सुकली होती, ती बघत बसलो.

त्या चतुर्थीला तू तिचं नाव गाळलंस. लेकी-सुना म्हणालास आणि पुढे गेलास. आणि मी मागून होय म्हाराजा म्हटलं. वीस-बावीस वर्षं झाली त्याला. दरवर्षी म्हटलं. तुझ्यावर रागावावं म्हणून बसतो आणि मला माझाच आवाज ऐकू येतो. खरं सांगू? मला भीती वाटायची. तू तिचं नाव घेतलंस तर रडशील, नाही घेतलंस तर कुणीतरी विचारील, आणि चार लोकांत तमाशा होईल. म्हणून ती जागा आली की मी लवकर ओरडायचो. तू दरवर्षी थांबायचास काय? दरवर्षी मी तुझ्या तोंडावर दार आपटलं काय? मला कोण सांगणार आता? व्हिडिओ एकाच वर्षाचा आहे.

शेवटी काल वालावलला, आक्काच्या घरी गेलो. दिनूला सांगितलं, डोळे दाखवायला कुडाळला जातो. या वयात खोटं बोललो. देवबागहून मालवण, मालवणहून कुडाळ, पुढे वालावल. तिकीट तीनदा चाचपलं. एका बाईने सांगितलं, "आजोबा, पडाचा नाय ता, गप बसा."

आक्का ओसरीवर फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. केस कापसासारखे झाले आहेत, भावोजी गेल्यापासून कपाळ मोकळं. मान वर न करताच म्हणाली, "काय रे बाळग्या, वाट चुकलंस?"

"नाय गो. सहज इलंय."

"सहज? तीन एस्टी बदलून सहज? तू मुतूक जाताना पण दोनदा इचारतंस."

तशीच आहे ती. चहा दिला, तुझ्या शेवटच्या दिवसांचं विचारलं. दुखलं काय, शुद्ध होती काय. तू गेलास तेव्हा तिला निरोप दिनूने दुसऱ्या दिवशी दिला, तेही मी मागे लागलो म्हणून. त्याबद्दल ती मला बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मग मी गाऱ्हाण्याचं रडगाणं सांगितलं. मधलं आठवत नाही म्हटलं. तिने सुरी खाली ठेवली नाही, आठळी सोलता सोलताच सुरू झाली. दादा, अख्खं गाऱ्हाणं! पहिल्या देवापासून. पूर्वज एकही चुकला नाही, आपल्याला कुणालाच माहीत नव्हता तो पणजोबांचा धाकटा भाऊसुद्धा आला, लहानपणी गेलेला. मी तोंड वासून बघत राहिलो.

"तुका कोणी शिकवल्यान?"

"माका कोण शिकयतलो? मी दाराआड उभी रवान आयकलंय. तुमी दोघा फुडे उभे, नि तुमचा लक्ष मोदकांत!"

मी खूप हसलो, तीही हसली. पण मग ती लेकी-सुनांपर्यंत आली. आणि थांबली. सुरीही थांबली. माझ्या ओठांवर होय म्हाराजा आलं होतं, देवाशप्पथ आलं होतं. मी तोंड गच्च मिटून बसलो. दादा, तिच्या हनुवटीला कंप सुटला होता, तुझ्या सुटायचा तसाच. मग ती म्हणाली, "हंयसर काय म्हणूचा ता तुझा तू बघ," आणि गुराढोरांपासून पुढचं सगळं सांगून टाकलं.

निघताना मी विचारलं, "आक्का, तुझा नाव घेव मा?"

"माका इचारून घेतलंस तर ता कसला गाऱ्हाणा? आधी दिनू तुका जेवूक घालीत काय ता बघ. नि तेका सांग, सही मी अजून पण करूचंय नाय."

आणि तिने बरोबर तेच ओळखलं. दिनू वाईट नाही रे. मला औषध आणून देतो, पायाला तेल लावतो. खाडीकडच्या तुकड्यात त्याला पर्यटकांसाठी चार खोल्या बांधायच्या आहेत, आणि कागद आक्काच्या सहीवाचून अडला आहे. आज सकाळी मी भीत भीत विषय काढला. तर तो हळूच म्हणाला, "काकानू, आत्येचा नाव घेव नकात. सगळी वाडी आयकता. उद्या तिची पोरा म्हणतली, बघा, घरान तिचो हक्क मानल्यानी. तिणा सही करू दे, मगे नावच काय, पाटार बसवया तिका." आणि तेवढं बोलून माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

मी कुठे जाणार दादा, दिनू रागावला तर? बायको गेली, मूल झालं नाही. घरात माझा वाटा आहे म्हणतात, पण वाटा काही रात्री पाणी आणून देत नाही. या वयात कुणाशी भांडू? हे सगळं दिवसभर डोक्यात फिरतंय.

पण एक गोष्ट त्याहून जास्त बोचते आहे. यंदाही दिनू मोबाइल धरून उभा राहणार. मी जे म्हणेन तेच त्यात राहणार. मी मेल्यावर दिनू तेच ऐकून गाऱ्हाणं घालणार, आणि त्याच्यामागून त्याचा मुलगा. बाबांनी आपल्याला माड दिले, जमीन दिली, हे देवापुढचे शब्द दिले. तू त्यातलं एक वाक्य काढलंस. मी ते परत घातलं नाही, तर पुढच्या कुणाला कळणारही नाही की तिथे एक बाई होती. आक्का सत्त्याहत्तर वर्षांची आहे. तिच्यानंतर ते घालून काय उपयोग?

तू मनात काय धरलं होतंस ते मला कळणार नाही. खोकला असेल तर माझ्यावर राग धर, तुझा तो हक्क आहे. पण नाव असेल, तर तू ते माझ्याकडे सोपवून गेलास असं मी समजतो.

म्हणून दादा, तुला शब्द देतो. आरती झाली की मी पुढे उभा राहीन आणि लेकी-सुनांनंतर वालावलेक दिलेली लेक पार्वती म्हणेन, तिच्या गेलेल्या घोवासकट, पोराबाळांसकट, बाबा म्हणायचे तसंच. शिट्टी वाजली तर वाजू दे. दिनूने मोबाइल खाली केला तरी म्हणेन. आणि मागून कुणीच होय म्हाराजा म्हटलं नाही, सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले, तर मी पुढचं वाक्य घेणार नाही. गुराढोरांवर जाणार नाही. कुणीतरी होय म्हणेपर्यंत हात जोडून तिथेच उभा राहीन. पाय दुखले तरी.

तुझा धाकटा भाऊ,
बाळगो