‘येतो’चं बटण

४ जानेवारी २०२६, रविवार
गावच्या मुंबई मंडळाची मीटिंग. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाला एकोणीस माणसं आली, त्यातली चार केटररची. अध्यक्ष काशीरामदादांनी बजावलं, यंदा पन्नास आली नाहीत तर सेक्रेटरी, म्हणजे मला, बदलू. सगळ्यांनी सुलक्षणाकडे पाहिलं. ती लोकांना फोन करते. आजच्या काळात फोन! मी ईमेलने वार्तापत्र काढणार. तीनशे बारा पत्ते आहेत. चौदा वर्षं सेक्रेटरी आहे, उगाच नाही.

५ जानेवारी, सकाळी ७
पहिला अंक रवाना. विषय: ‘अभिनंदन!!! तातडीचे!!! आत्ताच उघडा!!!’

७ जानेवारी
एकही उत्तर नाही. लोक चवीने वाचत असणार.

८ जानेवारी
भाचा देवेश कॉम्प्युटरमधला आहे. म्हणाला, मामा, सगळं स्पॅममध्ये गेलंय. एक तर विषयात आरडाओरडा. त्यात यादीतून बाहेर पडायचं बटण नाही, म्हणून लोक वैतागून स्पॅम दाबतात. पाहुणा घरात आल्या आल्या त्याला दार दाखवायचं, ही कुठली रीत? पण ऐकलं. माझा स्वभावच लवचिक.
बटणावर काय लिहू, त्याने विचारलं. ‘रद्द करा’ तुसडं वाटतं. ‘जातो’ आमच्या घरात कुणी म्हणत नाही. निघताना ‘येतो’च म्हणायचं. तेच लिहायला लावलं. देवेशने ‘नक्की ना?’ असं तीनदा विचारलं. या पिढीला संस्कारच नाहीत.

१२ जानेवारी
निमंत्रण गेलं. रविवार २५, सकाळी दहा, भांडुपच्या शाळेचा हॉल.

१४ जानेवारी
सत्त्याण्णव जणांनी ‘येतो’ दाबलं! देवेश म्हणतो, सत्त्याण्णव जण यादीतून गेले. मी म्हटलं, अरे, येतायत. तेवढ्यात काशीरामदादांचा फोन: ‘मी येतो दाबलंय हां. कोंबड्याची सागोती असतली मा?’ देवेशला स्पीकरवर ऐकवलं. त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, येतील रे, पण यापुढे तुझा एकही मेल त्यांना जाणार नाही, तो शब्द बदल. झकास चाललेल्या गोष्टीला हात कशाला लावायचा?

२० जानेवारी
शाळेने हॉल नाकारला, परीक्षा आहे म्हणे. मुलुंडचा हॉल मिळाला. लगेच मेल. विषय सभ्य, एकही उद्गारचिन्ह नाही. देवेश म्हणतो, त्या सत्त्याण्णव जणांना फोन कर. म्हणजे सुलक्षणा बरोबर ठरली! कुंदा म्हणाली, मी करते फोन. तिच्या हातातून मोबाइल काढून घेतला. बायको असली तरी तत्त्व म्हणजे तत्त्व.

२५ जानेवारी, सकाळी ११
मुलुंड. हॉलमध्ये मी, कुंदा आणि वॉचमन. बॅनर सुंदर झालाय.

११.४०
एक सभासद आला. शौनक, चारकोपचा. म्हणाला, काका, मला संमेलनाला यायचं नव्हतं म्हणून मी ‘येतो’ दाबलं नाही, तरी तुमचे मेल थांबत नाहीत, प्लीज माझं नाव काढा. एवढं सांगायला चारकोपहून मुलुंडला आला. म्हणजे मेल पोहोचतायत. स्पॅमचा प्रश्न सुटला.

दुपारी १
काशीरामदादांचा फोन. भांडुपच्या शाळेच्या गेटवर शंभर माणसं उभी होती. केटररही तिथेच, त्यानेसुद्धा ‘येतो’ दाबलं होतं. सुलक्षणाने भराभर फोन फिरवून शेजारच्या सोसायटीची गच्ची मिळवली. पंगत उठली, ठराव झाला, ती सेक्रेटरी. माझा राजीनामा लेखी हवाय.
वाईट वाटलं. चौदा वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. कुंदा बॅनरची गुंडाळी करत बसली.

दुपारी २
राजीनामा दिला. व्हॉट्सअ‍ॅपवर, कारण मेलवर भरवसा नाही. लांबण लावली नाही. निघताना म्हणतात तो एकच शब्द लिहिला: ‘येतो.’
दादांचं लगेच उत्तर: ‘ये, ये. सागोती सरली. वडे आसत.’