सुंदराबाईचं प्रकरण

अमरावती,
१२ जानेवारी २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

चार वर्षांनी माझं पत्र पाहून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. तुझ्या भाचीला, पायलला, भातकुलीच्या शाळेत नोकरी लागली, रोज एसटीने जाऊन येते. तुझे गुडघे कसे आहेत?

एक बातमी आहे. ‘हवालदार उत्तमराव’चं बत्तिसावं पुस्तक लिहून झालं.

पहिल्या कादंबरीत मी पिस्तूलवाला इन्स्पेक्टर ठेवला होता. तू वाचून म्हणाली होतीस, “इन्स्पेक्टर खुर्चीवरून उठते का? चोर हवालदारच पकडते.” उत्तमराव तिथे जन्मला. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. पुढे प्रत्येक पुस्तक आधी तुझ्याकडे यायचं, ते तू म्हणालीस तोवर की “यात उत्तमराव कुठी हाये? तूच मिरवून राहिला.” मी ताटावरून उठून गेलो. नंतरची चार पुस्तकं तुला न दाखवता छापली. त्यात उत्तमराव दुबईला गेला, हेलिकॉप्टरला लोंबकळला. वाचकांची पत्रं यायची थांबली. प्रकाशक अनुप भला माणूस. हळूच म्हणाला, “सर, उत्तमरावांना आता रिटायर करू.”

दिवाळीनंतर नवीन लिहायला बसलो. उत्तमराव परत अकोल्यात, सायकलवर, पोट बिघडलेला. अनुपने एका दिवसात वाचून फोन केला, “सर, जुने उत्तमराव परत आले!” प्रूफं तपासणाऱ्या सीमाबाई सातव्या प्रकरणापाशी रडल्या म्हणे.

इथवर लिहून दोनदा चहा प्यालो. आता सांगतो.

सातव्या प्रकरणात एक वॉर्ड आहे, दुपारची वेळ, एक म्हातारी, एक नर्स. डॉक्टरच्या कागदावर औषधाच्या मापात एक शून्य जास्त पडलंय. ती विचारते, तो खेकसतो, “सांगितलं तेवढं करा.” ती इंजेक्शन देते. म्हातारी जाते. डॉक्टर बरोबर मापाचा नवा कागद लिहितो आणि नर्स त्यावर सही करते.

नावं बदलली, पण तू ओळखशील. एक्क्याण्णव साली मूर्तिजापूरच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहताना तू मला हे सांगितलंस. कोणाला सांगणार नाही, असं मी कबूल केलं होतं. अनुप, सीमाबाई वाहवा करतायत ती त्याच प्रकरणाची, आणि त्यातलं काहीच माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. शेवटच्या प्रकरणात उत्तमराव तिला म्हणतो, “सिस्टर, तुमचा दोष नाही.” तेवढंच मला तुझ्यासाठी करता आलं.

सोबत प्रूफं पाठवतोय. अनुपला छपाई थांबवायला सांगितलंय. तू नाही म्हणालीस तर फाडून टाकीन. वाईट वाटणार नाही असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल.

तुझा शब्द मोडलेला भाऊ,
मोतीराम

*

अकोला,
२ फेब्रुवारी २०२५

चि. मोतीराम,
जय भीम.

पुस्तक वाचलं. तीन दिवस तुले शिव्या देल्या. चौथ्या दिवशी पुन्हा वाचलं.

चांगलं लिहिलं. उत्तमराव पुन्हा मानसासारखा वागून राहिला. सातवं प्रकरणही जसं झालं तसंच हाये. शेवट मातर खोटा. “तुमचा दोष नाही” म्हणे. काहून नाही? डॉक्टर मेला, तो दवाखाना बंद झाला, पन सही करनारी मी जित्ती हाये ना.

त्या म्हातारीची, सुंदराबाईची पोरगी साधना शेंदूरजनाघाटले देली हाये. मंगळवारी गेली मी तिच्याकडे. अमरावतीवरूनच गेली, पन तुह्याकडे उतरली नाही. तू आडवा आला असता.

ती वावरात संत्र्याचा माल निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगतलं. कागद, शून्य, सही. तिनं हातातलं संत्र खाली ठेवलं नाही, टोपल्यातही टाकलं नाही. मले वाटलं आता हाकलते.

मंग तिनं इचारलं, “मायनं शेवटी काही मागतलं होतं का?”

मी म्हनलं, “पानी मागतलं होतं. मी पाजलं.”

तवा ती रडली. मीही रडली. माफ केलं असं ती म्हनली नाही, मीही तसं मागतलं नाही. निंगताना तिनं इचारलं, इतक्या वर्षांनी आजच काहून आल्या? मी तुह्या पुस्तकाचं सांगतलं. तिच्या मायचं नाव त्यात बदललं हाये, तेही सांगतलं.

ती म्हनली, “बदलाले तिनं काय केलं होतं? तिचं खरं नाव लिहाले सांगा.”

तर फाडू नको. शेवटचं प्रकरण पुन्हा लिही. नर्सले सगळं बोलू दे, उत्तमरावनं गपचूप ऐकावं. आन सुंदराबाईले सुंदराबाईच म्हन.

लिहून झालं की छापाच्या आंधी माह्याकडे पाठव. चष्म्याचा नंबर नवा घेतला हाये.

तुही ताई,
मनकर्णा